घाईचं कारण

माझं म्हायेर शिरूरकडचं, दिलं हिकडं दौंड तालुक्यात, केडगाव टेशनापासनं चालत तासभर, गावाचं नाव मातुर लिहू नका ताई, तेवढं ऐका. आठवीपोतर शिकले, शिवणकाम करते, आन् वस्तीत कुणाला अर्ज लिहायचा तर माझ्याकडंच येत्यात. तर काय सांगू तुम्हाला, गावच्या मसणवाट्यात पंचायतीनं पत्र्याची शेड बांधली, सरकारी पैशातनं, पण आमच्या वस्तीतल्या माणसाला गावातले तिथं जाळू देत न्हाईत. सासरे गेले तवा भर पावसात वढ्याकाठी जाळले, लाकडं इझायची, पुन्हा पेटवायची, आन् सासू तिथंच उभी. आता तीच अंथरुणाला खिळलीया. म्हणती, मला त्या शेडात न्या.

म्हणून दावा. दोन वकील पाहिले, दोघांनी बी कागुद वाचून माघारी दिले. फुकटचा वकील मिळतो म्हणत्यात, पण तो बी त्यांच्यातल्याच कुणाचा पाव्हणा निघाला तर, ह्या भ्यानं मीच लिहिला. पंचायतीवर दावा लावायचा तर आधी नोटीस द्यायची आन् दोन महिने थांबायचं. आमच्यात कसंय, कागुद हातानं द्यायचा, लग्नाची पत्रिका बी पोष्टानं धाडली तर माणूस रुसतं. मी ग्रामसेवकाच्या हातात नोटीस दिली, नमस्कार केला, आले घरी. मग दोन महिने निस्तं भ्या. दारात मोटारसायकल थांबली की माझी मशीन थांबायची. गावातला एकजण आमच्या मालकांना म्हणला, तुझ्या पोरी शाळंला जात्यात नव्हं? एवढंच म्हणला आन् गेला.

दौंडच्या कोर्टात खिडकीवरच्या बाईंनी समदं तपासलं, कोर्टाचं तिकीट, प्रतिज्ञापत्र, जितके सामनेवाले तितक्या प्रती, आन् म्हणल्या, नोटिशीची पोच कुठंय? पोच न्हवतीच. हातात दिली म्हणलं, तर त्या म्हणल्या, मिळालीच न्हाई म्हणले तर काय दाखवाल? रजिस्टर पोष्टानं पाठवा, पुन्हा दोन महिने. मी म्हणलं, बाई, तेवढे दिस सासू न्हाई काढायची. तवा त्यांनी सांगितलं, घाई असंल तर दोन महिने न थांबता दावा लावायच्या परवानगीचा अर्ज करा, कारण लिहा, न्यायाधीशांपुढं उभं राहून सांगा.

आता कारण काय, तर म्हातारी मरायला टेकलीया. जित्या माणसाचं मरण कागदावर कसं लिहायचं? लिहिलं आन् खरंच झालं म्हंजी? चार दिस पेनाला हात लावला न्हाई. शेवटी तिनंच इचारलं, कुठं आडलंय तुझं? मी रडत रडत सांगितलं. ती म्हणली, मी मरणार हाय, आसं लिव.

लिहिलं. उद्या दौंडला उभं राहायचंय. गावातले बी येतील, त्यांच्यापुढं माझा आवाज फुटल का न्हाई, लई भ्या वाटतंय बघा. म्हातारी मातुर म्हणती, जा, मोठ्यांदा वाच. तू येस्तवर मी हाय.