खताच्या पोत्यांची खोळ

गोविंदा : कापूनच टाकतो काका. गाठ सुटत नाई.

देवमन : कापू नको बाप्पा. बाजूले सर, मी सोडतो. नऊ पोत्याची खोळ हाय, दाभनानं शिवली मी. उद्या पोरगा आला का परत घालाच लागन तिले.

गोविंदा : कारंज्यात इतक्या गाड्या येते माह्याकडं दुरुस्तीले, पन अशी बांधलेली गाडी पयल्यांदा पाह्यली. पावसाले घुसाले जागाच नाई ठेवली तुमी.

देवमन : मंग? आमच्या वस्तीतली पयली स्कूटर हाय. सहा वर्सं नंबर लावून बसला होता इंद्रभान. आनीबानीच्या साली नंबर लागला. अकोल्याहून चालवतच आनली त्यानं. इंझोरीच्या फाट्यावर लोक हाटेलातून भायेर निंगाले, देवमनचा मास्तर स्कूटरवर चालला म्हनून. त्या दिवशी साऱ्या वस्तीनं या अंगनात बुद्धवंदना घेतली. मी तं रडलो होतो, खोटं काहून सांगू. अन् जेठात नागपूरच्या दवाखान्यात जातानी चाबी माह्या हातात देल्ली त्यानं. म्हने, बाबा, गाडीले पानी लागू देऊ नका. नाई लागू देल्लं. आख्खा पावसाळा निंगाला, एक थेंब नाई.

अंजना : च्या घ्या गोविंदाभाऊ. अन् मामाजी, तुमी जरासे बाजूले बसा. त्याहीले काम करू द्या.

गोविंदा : मास्तर बरे झाले म्हना मंग, वहिनी. चार महिने झाले असतीन नं?

अंजना : डाक्टर म्हनले, घरी घेऊन जा.

गोविंदा : म्हंजे बरेच झाले.

अंजना : तसं घरी नाई, भाऊ.

गोविंदा : अरे.

अंजना : एका बाजूचं फुफ्फुस पुरंच गेलं. दुसरं बी गेल्यातच जमा. आठ दिस, लय झालं तं पंधरा. माहा भाऊ तिकडं त्याहीच्या जोळ हाय, तोच घेऊन येते उद्या. परवा चिठ्ठी आली त्याहीची. दोन ओळी लिवल्या हायेत. गाडी अंगनात काढून ठेवा, मी आल्यावर एकडाव चालू करतो. बाकी माहं नाई, बाबाचं नाई, कोनाचंच काई नाई लिवलं.

गोविंदा : किक मारता येईन त्याहीले?

अंजना : उठून बसता येत नाई. किक तुमीच मारा. ते ऐकतीन.

देवमन : नुसता ऐकीन काहून? तो पाहीन बी. नवीच्या नवी हाय. तू फकस्त ते प्लग का काय म्हन्ते ते पूस, पेट्रोल टाक, झालं. हे पाह्य, सुटली सुतळी. धर तिकून. ओढ.

गोविंदा : थांबा. चिकटली हाय.

देवमन : जोर लाव.

गोविंदा : काका, हे पोते कायचे होते?

देवमन : खताचे. दौलतरावकडं मी सालदार हाय नं. पऱ्हाटीले खत देऊन झालं का रिकामे पोते आनले मागून. आतून प्लास्टिक असते त्याले, पानी जातच नाई.

गोविंदा : धुतले होते काय?

देवमन : धुवाले कायले? कोरडे होते आतून. पांढरं पीठ लागलेलं होतं जरासं.

अंजना : मी म्हनलं होतं, धुवा. नदीवर नेऊन देतो म्हनलं होतं.

देवमन : आपटून धुतलं असतं तं प्लास्टिक फाटलं असतं. मंग पानी गेलं असतं आत. एवढी अक्कल हाय मले.

गोविंदा : काका, ते पीठच खाल्लं हिले. खत ओल ओढते हवेतली. वरून प्लास्टिक, आतली वाफ भायेर निंगत नाई. इकडं या. हे पाह्या, पाय ठेवाची जागा.

देवमन : चिखल हाय तो. बोऱ्यानं पुसला का निंगते.

गोविंदा : चिखल नोहे, पत्रा हाय. बोट लावा.

देवमन : लावलं.

गोविंदा : अजून जरासं दाबा.

देवमन : गेलं.

गोविंदा : आरपार गेलं नं? पुरा जंग खाल्ला. खालून, बाजूनं, समोरच्या चाकाच्या वर, साराच पत्रा गेला. उघडी ठेवली असती पान्यात, तं पावसानं धुतली असती, उनानं सुकली असती. थोडासा रंग गेला असता, बस. तुमी तं लोनच्यासारकी मुरवली तिले.

देवमन : मी रोज हात फिरवत होतो. रोज. वावरातून आलो का पयले हिच्याकडं येत होतो, मंग पानी पेत होतो. कोरडी होती.

अंजना : वरून कोरडी होती.

देवमन : काय म्हनलं?

अंजना : वरूनच हात फिरवला तुमी. पोळ्याच्या दिवशी चांगलं ऊन पडलं होतं. मी म्हनलं, मामाजी, आज खोळ काढा, वारा लागू द्या गाडीले. तं अंगावर आले माह्या.

देवमन : ओलं वारं होतं ते.

अंजना : खिडकीचं बी तेच म्हनलं होतं तुमी.

देवमन : आता कायले काढतं ते, अंजना? परक्या मानसापुढं?

गोविंदा : मी पाने काढतो पिशवीतून. तुमी बोला.

अंजना : नाई गोविंदाभाऊ, बसा तुमी. घरात दोघंच जन आमी, चार महिने झाले, एकमेकाले भाकर वाढतो अन् गप बसतो. एकडाव कोनीतरी ऐकलंच पायजे. मागच्या थंडीत खोकला लागला त्याहीले. मी म्हनलं, वाशीमले दाखवू. हे म्हनले, वारं बाधलं. घराले एकच खिडकी हाय, त्याहीच्या उशाची. तिच्यात खताचं पोतं कोंबलं यायनं, वरून खिळे ठोकले. दार लावलं. आतच चूल. तो धूर, तो खोकला, अन् दोन वाकळी अंगावर. घाम गाळा म्हने, निंगून जाईन. सहा महिने, भाऊ. फागुनात रक्त पडलं तवा बी म्हनले, उष्णता हाय.

देवमन : मले का मालूम होतं?

अंजना : मालूम होतं. खोटं नका बोलू मामाजी, आज नका बोलू. गावात क्षय म्हनून नाव निंगालं नाई पायजे, हे मालूम होतं तुमाले.

देवमन : हो. मालूम होतं. मंग काय करतो मी? आपल्या हातचं पानी गावात आधीच कोन पेते? पोरगा शाळेत लेकराहीच्या पाट्या हातात घेते तं कितीक जन नाक मुरडते. त्यात क्षय म्हनलं असतं, तं दुसऱ्या दिवशी एक लेकरू आलं नसतं त्याच्या वर्गात. माहा बाप गावची मेलेली ढोरं वढत होता. मी दुसऱ्याच्या वावरात मेलो. हा एकटा मास्तर झाला, खुर्चीवर बसला. ती खुर्ची जाऊ द्यू? मी झाकलं. हो, झाकलं मी. वाटलं, झाकलं तं वाचन.

अंजना : गाडी बी अशीच वाचवली.

देवमन : अंजना.

अंजना : काय?

देवमन : मी मारलं काय त्याले?

अंजना : मले नका विचारू. मले बी दोन हात होते. पोतं मी बी ओढून फेकू शकत होती. नाई फेकलं. तुमाले भेली मी. आता रोज त्या खोलीत निजतो अन् त्या पोत्याकडं पाह्यतो. अजून तसंच हाय ते, हात नाई लावला मी. ज्यानं ठोकलं त्यानं काढावं.

देवमन : गोविंदा.

गोविंदा : बोला काका.

देवमन : इंजन बी गेलं काय?

गोविंदा : इंजन पत्र्याचं नसते. जाम झालं हाय, किक खालीच जात नाई. प्लग काढून घासलेट सोडतो आत, घंटाभर मुरू देतो. चान्स हाय. पन चालवाची नाई, हलक्या हातानं ढकलाची तेवढी. कोनी बसलं तं मधातून दोन तुकडे होतीन. अन् सायलेन्सरले हे एवढालं भोक पडलं. आवाज फाटका येईन. मास्तरचे कान लय तेज हायेत काका, माह्या दुकानात उभे राहून रस्त्यावरच्या गाडीचा आजार सांगत होते.

देवमन : भोकात चिंधी कोंब.

गोविंदा : चिंधी जळते.

अंजना : दूर उभी करा. तिकडं, कडुनिंबाखाली. रंगाची बाजू ओसरीकडं करा.

देवमन : खालचं दिसन नं.

अंजना : खाली कडब्याच्या पेंढ्या लावू. हँडल अन् लाइट तेवढे दिसले का झालं. चमकवा तेवढे, गोविंदाभाऊ. मी राख आनतो.

गोविंदा : आनतो म्हन्ता खरं वहिनी, पन त्याहीले समजलं तं?

अंजना : पंधरा दिस समजू नाई द्याचं. पंधरा दिस तं हायेत.

(दुसऱ्या दिवशीची दुपार. इंद्रभान ओसरीवरच्या खाटेवर आहे. गोविंदा लांब कडुनिंबाखाली, स्कूटरपाशी.)

इंद्रभान : इतकी लांब का उभी केली?

देवमन : धूर लागन तुले म्हनून.

इंद्रभान : आणि कडबा?

अंजना : गाईढोरं धक्का देते नं. जवळ येऊ नाई म्हनून लावला.

इंद्रभान : कडबा पाहून ढोरं येतात, अंजना. पळत नाहीत.

देवमन : तू बोलू नको. दम लागते तुले. गोविंदा! मार रे किक!

इंद्रभान : नाही लागली.

देवमन : लागन. मार गोविंदा!

इंद्रभान : चोक ओढ म्हणा त्याले.

अंजना : चोक ओढा म्हन्ते, भाऊ!

देवमन : लागली! पाह्य, लागली! चार महिन्यानं लागली, इंद्रभान! ऐक!

इंद्रभान : ऐकतो.

अंजना : पानी देऊ?

इंद्रभान : थांब. ऐकू दे.

देवमन : तोच आवाज हाय नं? तू शाळेतून यायचा तवा नाल्यापासून ऐकू यायचा. तुही माय जित्ती असती तं भाकर टाकाले बसली असती.

इंद्रभान : बंद करा म्हणा आता.

देवमन : काहून? चालू दे नं अजून जराशी.

इंद्रभान : सायलेन्सर फुटला, बाबा.

देवमन : नाई रे. ते दूर हाय म्हनून तसं वाटते. घरं हायेत मधात, आवाज घुमते.

इंद्रभान : तिकडे कुंपणावर ती खोळ कोणाची आहे?

देवमन : खोळ?

इंद्रभान : खताची पोती दिसतात मले. डोळे चांगले आहेत माझे अजून.

देवमन : थेंब नाई लागू देल्ला रे मी. तू म्हनला होता तसंच केलं. एक थेंब नाई. चार दिस शिवत होतो, बोटाले दाभन घुसलं. मले वाटलं, आता काईच होत नाई हिले. इंद्रभान, मले काईच समजत नाई रे. मी जे झाकलं ते सडलं. तुले बी मीच...

इंद्रभान : बाबा, रडू नका.

देवमन : रडू नाई तं काय करू?

इंद्रभान : लोखंड कशानं गंजते, ते मी चौथीच्या पोरांना दरसाल शिकवतो. फळ्यावर लिहून देतो. तुम्हाले फक्त म्हटलं, पाणी लागू देऊ नका. बाकीचं सांगायचं राहून गेलं माझ्याकडूनच.

देवमन : तुही चूक नाई रे.

इंद्रभान : चालू झाली ना? मग बरी ठेवली तुम्ही. अंजना, गोविंदाले जेवू घाल. आणि मले आत न्या आता. बसवत नाही.

अंजना : आत अंथरुन टाकलं हाय.

इंद्रभान : त्याच खोलीत?

अंजना : दुसरी कुठं हाय?

इंद्रभान : ते पोतं आहे खिडकीले अजून?

अंजना : हाय.

इंद्रभान : बाबा, ते काढा.

देवमन : काढतो. आताच काढतो. पन वारं सुटलं हाय रे आज, गार हाय लय. लागन तुले.

इंद्रभान : लागू द्या.