सायकलवर पुढे कोण?

मंडळी, मला एक सांगा! भ्यालेल्या माणसाला धीर द्यायचा कसा? ‘घाबरू नकोस’ म्हणून? अहो, तेवढ्यानं भीती जात असती, तर दवाखान्यात सुई बघून कोणी रडलंच नसतं! मग कसा द्यायचा? ऐका!

शेजारच्या गावात नलिनी नावाची बाई. नवरा दिगंबर, शाळेत जाणारी लेक ऋजुता. घरात तीन सायकली, आणि तिन्हींवर धूळ! नलिनीची आई गावाच्या दुसऱ्या टोकाला, एकटी. डोळ्यांनी दिसत नाही. रोज संध्याकाळी दारात बसायची, लेकीची चाहूल घेत. पण वाटेत हायवे! ट्रकचा हॉर्न वाजला की नलिनी अर्ध्या वाटेतून माघारी फिरायची. आठवडेच्या आठवडे जाणं व्हायचं नाही. जीव तुटायचा हो तिचा!

दिगंबर म्हणाला, "मी नेतो! दोघी माझ्यामागून या!" घरचा कर्ता तो, पुढेच जाणार! हा सुसाट पुढे, आणि सारखी मान मागे वळवून ओरडतोय, "नलू, घाबरू नकोस! ट्रक आला! घाबरू नकोस!" आता ती घाबरेल नाहीतर काय करेल? पुन्हा मान वळवली, आणि धाडकन भाजीच्या हातगाडीवर! कर्ता पुरुष कोथिंबिरीत! हसताय? हसा, हसा! काही जण खाली मान घालून हसतायत, तेही दिसतंय मला.

समोरच राहायच्या अनसूयाबाई, शाळेत खेळ शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "दिगंबर, हायवे हवाय कशाला? कालव्याच्या कडेनं जा, हायवेखालून बोगदा आहे. आणि जो भितो, तो पुढे! त्याच्या वेगानं सगळे. तू मागे, तोंड बंद!"

"बायको पुढे? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी तुला कोथिंबिरीत बघितलंय. आता आणखी काय म्हणायचं राहिलंय?"

सकाळी बाईंनी स्वतः सोबत येऊन वाट दाखवली. संध्याकाळी तिघं निघाली. नलिनी पुढे, ऋजुता मधे, दिगंबर मागे. बोगद्याशी आली, आणि वरून ट्रक गडगडला! नलिनीनं ब्रेक दाबला, पाय टेकले. दिगंबरच्या ओठांवर शब्द आला, आणि गिळला त्यानं! नुसता थांबला. तिनं मागे बघितलं. लेक आहे, नवरा आहे, कोणी ओरडत नाही. ती उतरली, सायकल हातात धरून बोगदा चालत पार केला, पलीकडे पुन्हा बसली, आणि निघाली!

म्हातारीनं घंटी ऐकली. "कोण गं?"

"आम्ही तिघं, आई. सायकलवरून!"

"अगंबाई! पुढे कोण होतं?"

"मीच!"

म्हातारीनं लेकीचा चेहरा चाचपला. दोघी रडल्या. मलाही सांगताना भरून येतं, खोटं कशाला बोलू?

मंडळी, देव दिसत नाही म्हणून कुरकुरता ना? अहो, दिसेल कसा? तो मागे आहे! तुम्हाला पुढे घालून, तुमच्या वेगानं चाललाय, आणि एकदाही ओरडत नाही! आणि आपण? घरातल्या भित्र्या जिवावर दिवसभर ओरडतो! आज इथून घरी जाताना बघा हं, कर्ता तरातरा पुढे, आणि बायको-पोरं मागे धावतायत का? तसं असेल तर दादा, थांबा. त्यांना पुढे जाऊ द्या. आणि तोंडात? नुसतं नाम!