प्रमाणित नाक

नाही नाही, त्या खुर्चीत नको, तिचा पाय डुगडुगतो — इथे खिडकीपाशी बसा साहेब, वारं येतं. आणि रुमाल असू द्या नाकाला, संकोच करू नका. दारात पाहिलं तेव्हाच म्हटलं, एवढ्या मोठ्या महापालिका कार्यालयाचा माणूस, दिवसभर गावभर हिंडायचं, सर्दी व्हायचीच. गरम पाणी देऊ? नको? बरं. तर काय म्हणत होतात — प्रशस्तिपत्र? मला? घरामागच्या खतप्रकल्पाचा वास रोज नीट कळवला म्हणून? अहो, त्यात काय एवढं. तुमच्या ऑफिसातल्या बाई सकाळी फोन करतात, ‘काकू, आज वास किती?’ म्हणून विचारतात, मी आकडा सांगते. शून्य म्हणजे काही नाही, पाच म्हणजे जीव नकोसा. झालं काम.

निवड मात्र सोपी नव्हती हं. अख्ख्या वस्तीला बोलावलं होतं, टेबलावर बाटल्या मांडल्या होत्या, एकेक हुंगायची आणि आकडा सांगायचा. माझी धाकटी जाऊ — ही शेजारीच राहते, मधे एक भिंत — तीही आली होती. नाक तिचं माझ्याहून तिखट, पण प्रत्येक बाटलीला नुसतं ‘शी’ म्हणत राहिली, आकडा काही सांगेना. नापास केलं तिला. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. तसं हल्ली कुणीच बोलत नाही म्हणा — कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला मला बघून मान फिरवतो, समोरच्या मास्तरीणबाई परवा थुंकल्या. माझ्यावर नाही, खालीच, पण मी जवळ आल्यावर. बघवत नाही लोकांना, दुसरं काय. तुम्ही त्यांच्या तक्रारी घेत नाही ते बरंच करता — उद्या कुणीही सोम्यागोम्या उठेल आणि म्हणेल वास येतो. त्याला प्रमाणित नाक लागतं.

काय म्हणालात? आकडा कसा ठरवते? सोपं आहे, जावेच्या खिडकीवरून. सताड उघडी असली की शून्य, एक दार अर्धं लोटलं की एक, ते पुरतं लागलं की दोन. दोन्ही लागली की तीन. फटीत ओलं फडकं कोंबलं की चार, आणि दीर अंगणात येऊन शिव्या द्यायला लागले की — पाच. तुमचं यंत्रसुद्धा इतकं नेमकं सांगणार नाही. असे काय बघताय? … अगंबाई. हे सांगायचं नव्हतं तुम्हाला. आता तोंडातून गेलंच आहे तर ऐका — मधे मला मोठा ताप आला होता, तो उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. आता फोडणी करपली तरी धूर दिसेपर्यंत कळत नाही मला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. कुठला येतोय. पण काम अडलं का? नाही अडलं.

कळवायला हवं होतं, मान्य आहे. पण मग तुम्ही दुसरं नाक शोधलं असतंत. आमचे हे गेल्यापासून मला कुणी काही विचारत नाही हो साहेब. मुलगा परगावी, तो फोन करतो, औषध घेतलंस का म्हणतो आणि ठेवतो. ह्या बाई मात्र रोज विचारतात, आणि मी जे सांगते ते लिहून घेतात. मला ते फार आवडतं. खरंच सांगते, त्या फोनसाठी मी आंघोळ करून तयार बसते.

हो, महिनाभर शून्यच सांगतेय. खिडकी उघडीच आहे ना. लागलीच नाही एकदाही — लागणार कशी, ते दोघं गेलेत लेकीच्या बाळंतपणाला, आणि जाताना घाईत खिडकी तशीच…

काय? पुन्हा सांगा. माझ्या शून्यांवरून खताची दुसरी शेड मंजूर? माझ्या ह्या मागच्या भिंतीला लागून? आणि रहिवाशांच्या वतीने सही मी करायची?

थांबा. आधी तो रुमाल काढा बघू. काढा हो, तुम्हाला सर्दी नाही. आल्यापासून एकदा शिंकला नाहीत, नाक ओढलं नाहीत, तोंडाने श्वास घेताय नुसता, आणि मी खुळी तुम्हाला गरम पाणी विचारतेय. काढलात? आता सांगा, किती? मला काय विचारता, नाक तुमचं आहे. … इतका? मग म्हणूनच तो इस्त्रीवाला. म्हणूनच मास्तरीणबाई. आणि मी म्हणत होते, जळतात. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला, तशी गत झाली माझी.

पेन ठेवा खिशात, मी सही करणार नाही. वर कळवा, काकूंचं नाक गेलंय, महिन्याची सगळी शून्यं रद्द धरा. प्रशस्तिपत्रही न्या परत. आणि त्या बाईंना म्हणावं, उद्या फोन नका लावू. … नाही, रडत नाहीये. ही खिडकी लावत बसू नका, राहू द्या उघडी, मला कुठे वास येतोय. तुम्ही निघा आता, डोळ्यांतून पाणी यायला लागलंय तुमच्या. कोपऱ्यावर इस्त्रीवाला दिसेल, त्याला जाता जाता एवढं सांगा — काकूंनी सही केली नाही. मी सांगायला गेले तर तो ऐकून घ्यायचा नाही. या.