पास झाल्याचा पेढा

माहं माहेर मोर्शीचं, देलं वलगावले. सातवीतून शाळा सुटली ते सुटली, तवापासून वावर एके वावर. शेजारच्या वावरवाल्या गजाननानं दोन वावरांमधल्या धुऱ्याचा दगड आमच्याकडे सरकवला, दरसाली थोडा थोडा, माहे मालक इचारायले गेले त् त्यानं फावडं घातलं डोक्यात. काय सांगू तुमाले, मी भाकर घेऊन पोचली तवा सारं संपलं होतं.

दहा वर्षं भेटली त्याले. मी म्हनलं, ठीक हाय, दहा वर्षांत पोरगी मोठी होईन, सासरी जाईन, मंग येऊ दे त्याले धुऱ्यावर, मी एकटीच राहीन. त्या दहा वर्षांच्या भरवशावर वावर करून राहिली मी.

आमच्या गावात कोनी पास झालं की घरोघरी पेढा देतेत, एक उंबरठा सोडत नाहीत, आन् घेनाऱ्यानं आंधी तोंडात टाकाचा, मंग इचाराचं कोन पास झालं. औंदा गजाननची माय ताट घेऊन आली, सवयीनं आली, मीही सवयीनं तोंडात टाकला आन् इचारलं, कोन पास झालं वं काकू? म्हातारी म्हने, गजानन. जेलातून बी.ए. झाला. शिकल्याची सूट भेटली, चांगलं वागल्याची भेटली, तुरीच्या सोंगनीले घरी येते.

पेढा गिळला मी. मंग दिवसभर चुळा भरल्या.

जेलात शिकवनारी एक बाई आली मले समजवाले. म्हने ताई, तो मानूस बदलला, किती जनांले सही शिकवली त्यानं. मी म्हनलं, बाई, माह्या पोरीनं बारावी सोडली निंदनासाठी, तिले कोनती सूट देता? बाई म्हने, राग धरून काय भेटते? मी म्हनलं, ते ऱ्हाऊ द्या, दगड मांगं घेतो म्हनला का तो? दगड आमच्या वावरात हाय असं मोजनीवाला लिहून देऊन गेला, गजाननच्या भावानं त्याले अजून हात नाही लावला. बाईनं त्याची नोंद असलेल्या वहीत पायलं. वहीत दगड नव्हता.

आता तूर वाळून राहिली. पोरगी अजून घरातच हाय. मी रोज दगडापाशीच भाकर खातो. येऊ दे त्याले. म्हातारीले देव तवरोक धडधाकट ठेवो, तिच्या डोयादेखत तो दगड उचलू दे त्याले, मंग मी सोता पेढा घेऊन जाईन तिच्या दारात. नाही उचलला त् माह्या लेखी तो नापास.