चार पॉइंट शून्य आठ

सपना : बाबा, तुमचं ताट वेगळं काहून आहे?

माय : सपने, तोंड बंद कर अन् मेथीच्या जुड्या बांध.

सपना : सुप्रियानं पैज लावली माह्यासंग. काल अभ्यासाले आली तं एकच ताट खिडकीत पालथं दिसलं तिले. म्हणे, बापाले विचारून दाखव, तुह्यात दम नाही. घे, विचारलं!

बाबा : जितली ना पैज? जाय मंग.

सपना : पैज जितली, उत्तर कुठी भेटलं? तुमाले कावीळ ब आहे. मले मालूम आहे.

माय : हळू बोल वं! शेजारीण वाळवण घालून राह्यली.

बाबा : कोनं सांगतलं तुले?

सपना : कोणंच नाही. मागच्या महिन्यात ताप आला तवा काढलेली रक्ताची रिपोर्ट तुमी बियाण्याच्या थैलीखाली दाबून ठेवली. पालकाचं बी काढाले गेली तं हाती लागली. दहावीत आहो बाबा मी, वाचता येते मले.

बाबा : सहा साल झाले. रक्तदानाच्या शिबिरात रक्त देलं, तं महिन्यानं फोन आला का तुमचं रक्त चालत नाही. मंग डॉक्टर म्हणे, सुई खुपसून लिव्हरचा तुकडा काढा लागते, किती खराब झालं ते पाह्याले. म्या तितूनच मांगं फिरलो. घरी आलो अन् ताट-गिलास येगळा केला. तुमाले काही नोको व्हाले म्हणून.

सपना : ताटानं होतच नाही ते! रक्तानं होते. अन् धीरजदादा तुमच्याच ब्लेडानं दाढी करते!

माय : अवो माय...

बाबा : ब्लेडाचं कोनी सांगतलंच नाही.

सपना : विचारलं कोणाले तुमी? शाळेत डॉक्टर बाई आल्या होत्या. मी विचारलं, मैत्रिणीच्या बाबाचं म्हणून. त्या म्हणे, आता आधीच सुई नाही खुपसत. वय अन् रक्तातले तीन आकडे, बस, लिव्हर किती खराब झालं त्याचा अंदाज येते! सूत्र आहे, वहीत लिहून देलं मले. काढू?

बाबा : काढ. तुले कोन थांबवते?

सपना : वय सेहेचाळीस, गुणिले एसजीओटी अठ्ठ्याहत्तर. खाली प्लेटलेट, एक लाख दहा हजार, म्हणजे सूत्रात एकशे दहा. त्याले गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. अन् एसजीपीटी चौसष्ट! वर्गमूळ सरळ आठ! बाबा, असं गणित बोर्डात आलं पाह्यजे!

माय : पोट्टीले बापाच्या दुखण्यातबी मार्क दिसते.

सपना : पस्तीसशे अठ्ठ्याऐंशी, भागिले आठशे ऐंशी... चार पॉइंट शून्य आठ.

(ती वहीवर पुन्हा एकदा भागाकार करते.)

बाबा : मंग? बोल ना.

सपना : सव्वातीनच्या वर आहे.

बाबा : वर, म्हंजे पास?

माय : सपने? काय झालं वं?

सपना : वर नोको होतं. म्हणजे लिव्हरवर वण पडले असतीन. जखम भरली का चामडी कशी कडक होते, तसं. नक्की नाही, आकडा चुकतेबी म्हणे, डॉक्टरनं पाह्यलंच पाह्यजे. पण थांबाचं नाही. गोळ्या आहेत, बाबा. सहा सालापासून गोळ्या होत्या.

बाबा : वाशिमच्या दवाखान्यात चिठ्ठीच्या खिडकीवर दौलतसिंग बसते. त्याची घरवाली दर बाजाराले माह्याच हातची मेथी नेते. त्याच्या तोंडून एक शब्द निंगाला का संपलं.

सपना : मेथीनं कुठी होते?

बाबा : हे तू बाजारात सांगसीन? एकेका गिऱ्हाइकाले वही दाखवसीन?

सपना : मंग अकोल्याले जाऊ.

बाबा : आपल्या मेडशीत सकायच्या गाडीत पाय ठेवला का चार जन इचारते, कुठी चालले? कायले चालले? तुले वाटते मले जीव प्यारा नाही?

माय : एक डाव म्या म्हटलं चला, तं चार दिवस माह्यासंग बोलले नाही. मंग म्याबी सोडून देलं. इकडे आजार, तिकडे बाजार. मानूस जाईन कुठी?

सपना : माय, तुही तपासणी झाली?

माय : नाही.

सपना : दादाची? माही?

माय : तुमाले घेऊन गेलो असतो तं लोकायले समजलंच असतं ना वं.

सपना : म्हणजे सहा साल आपण चौघंही...

बाबा : बस झालं. जुड्या बांध.

सपना : नाही बांधत. ऐका. सोमवारी मी शाळेत जात नाही. पयल्या गाडीनं वाशिमले जाऊन राह्यली, माह्यं रक्त तपासाले.

माय : एकलीच? अवो, खिडकीवर दौलतसिंग असीन!

सपना : असू दे. तो नाव विचारीन. मी पुरं सांगीन, बापाच्या नावासकट.