मंगीचं स्थळ

वलगावच्या बाजारात मंगी नावाची एक लंगडी कुत्री होती. तिला दत्तक घ्यायला कॅनडाच्या एका बाईंची मागणी आली. लसी, कागदपत्रं सगळं मी केलं, पण तिला रोज भाकर घालणाऱ्या भाजीवाल्या कमलाबाई अडून बसल्या.

"स्थळ पाह्यल्याबिगर पोरगी देत नसतो, भाऊ."

शेवटी मी कॅनडाच्या बाईंना व्हिडिओ कॉल लावला. दुभाषा मीच.

"घरी कोण कोण हाये, विचारा."

"एकट्याच राहतात."

"पोरंबाळं?"

"दूर असतात."

"खिडकीबाहेर ते पांढरं काय हाये?"

"बर्फ."

आता नकारच येणार, असं मी धरून चाललो. कमलाबाईंनी मंगीला जवळ ओढलं आणि दटावलं, "जाय वं माय. पण तिथं उंडारत फिरू नको. त्या बिचारीले पाहाले कोणीच नाही. बाई जेवली नाही त भुंकजो!"