उलटा जावई

...नाही, मी म्हणते, चालत्या लॅपटॉपले हात लावायचं कामच काय होतं? तुम्हाले सांगते, आमचे हे, जयंतराव, ऑफिसातल्या फायलीले वर्ष वर्ष हात लावत नाहीत, अन् घरी एखादी वस्तू बरी चालताना दिसली का यांचे हात शिवशिवतात! लॅपटॉप जरा हळू चालत होता, एवढंच. मीही हळूच चालते, मग माझ्यातही दुसरं काही टाकाल का?

पण यांच्या ऑफिसातला तो इंद्रजीत! "भैया, लिनक्स डाल दो, मक्खन चलेगा." झालं! कंपनीनं ज्या सिस्टीमसाठी ते मशीन बनवलं, ती यांनी पुसली अन् हे लिनक्स बसवलं. मक्खन कुठलं, आवाजच गेला! विचारलं तर म्हणतात, "अगं, आवाज सोडून बाकी सगळं चालते." आवाज आला, तर वायफाय गेलं. "वायफाय सोडून बाकी सगळं चालते!" आता काय बोलावं या माणसाले?

अन् त्यातच आमच्या संपदाले अकोल्याचं स्थळ आलं. पोट्टी रायपुरात वाढली, मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत. आजवर प्रत्येक स्थळाले नाक मुरडलं, पण या मुलाचा, आशयचा, फोटो पाहून गप्प बसली. आमची संपदा, गप्प! तेव्हाच मी ओळखलं. म्हटलं, देवा, एवढं जमू दे.

पाहण्याचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर ठरला. मी म्हटलं, मोबाइल लावा. तर हे, "मोबाइलवर काय मुलगी दाखवतात? मोठ्या स्क्रीनवर दिसू दे घराणं!" आपली स्क्रीन मोठी असली म्हणून त्यांना आपण मोठे दिसतो का हो? पण सांगणार कोण! मी गोल बाजारातून नवे पडदे आणले, पोहेही केले. खाणार कोण, विचारू नका... पाहण्याचा कार्यक्रम अन् पोहे नाहीत, असं कुठं असते का?

कॉल लागला. वायफाय? आहे! आवाज? आला! माझा जीव भांड्यात पडते न पडते, तोच तिकडून मुलाची आजी ओरडली, "अगं बाई, हे लोक उलटे काहून लटकून राहिले?"

कॅमेराच उलटा! पंखा खाली, आम्ही वर! संपदा नमस्काराले खाली वाकली, तर आजी म्हणते, "अन् पोट्टी वर कुठं चालली?"

मग यांनी काय करावं? अख्खा लॅपटॉप उचलला अन् उलटा धरला! आता आम्ही त्यांना सरळ, अन् ते सगळे आम्हाले उलटे! घामाघूम झाले, तरी मले म्हणतात, "कॅमेरा सोडून बाकी सगळं चालते." अन् मी मान वाकडी करकरून जावई पाहून राहिले... नाक कुठलं, हनुवटी कुठली, काही कळेना!

तिकडे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहून राहिले. संपदाचे डोळे भरले. तुम्हाले खरं सांगते, वाटलं, या माणसानं लेकीचं जमता जमता मोडलं.

तेवढ्यात तो उलटा आशय खो खो हसला. "काका, लिनक्स टाकलं ना? माझाही कॅमेरा असाच उलटा आला होता!" अन् जे सुरू झाले दोघं! मुलगी बाजूले, पोहे गार, अन् हे इकडून ओरडतात, "मग साउंडचं काय केलं तुम्ही?" मुलाच्या आईनं कपाळावर हात मारला, "आमच्या घरी रोज हेच असते हो ताई!"

होकार आला. लगेच आला. मी संपदाले स्वयंपाकघरात घेतलं. म्हटलं, "बाई, नीट विचार कर. हे मी रोज भोगून राहिले. हाही तसलाच निघाला. उद्या तुझ्या घरात काय बंद पडन, काय उलटं लटकन, सांगता येत नाही."

तर लाजली, अन् बापाचीच लेक ती, म्हणते कशी, "आई, उतना छोड़ के बाकी सब चलता है ना!"